‘रेकॉर्ड सापडत नाही’ असं सांगितलं की पुढे काय करायचं?

तापीकाठ | सोमवार, रात्री ९.४०

पुतणीची जात पडताळणी अडकली आहे. आम्ही ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. चुलत आजोबा गेले होते, पण त्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर वाळवीने खाल्लं. तसं लेखी मिळालंय, हेही नशीबच म्हणायचं.

राहिलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं पुस्तक. आजोबांचा जन्म घरात १९२८चा सांगतात. गाव तेव्हा पूर्व खानदेशात, आता जळगाव जिल्ह्यात. मध्यंतरी आमचा तालुका फुटला. नवीन तालुक्यात गेलो तर म्हणाले, जुनं सगळं मूळ तालुक्याला. मूळ तालुक्याला गेलो तर त्यांच्या गावांच्या यादीत आमचं गावच नाही. ‘ते तिकडे गेलं ना आता!’ गाव गेलं मान्य, पण १९२८ सालही तिकडे गेलं का?

चार चकरा झाल्या. शेवटच्या वेळी एका बाईंनी खरंच दोन तास शोधलं. आजोबांच्या नावाची नोंद नाही म्हणाल्या. आता ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं पत्र घ्या आणि शपथपत्रावर भागवा, असा सल्ला मिळतोय. तालुक्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, त्या माणसांशी अजून काम आहे.

पुढे काय करू?

केळीवाला_यावल | रात्री ९.५५

भो, ते पत्र घेऊ नको. एकदा ‘आढळून येत नाही’ लिहून दिलं की मग तेच रेकॉर्ड होतं. आणि ते मात्र बरोब्बर सापडतं.

दफ्तरदार | रात्री ११.१०

तापीकाठ भाऊ, तेहतीस वर्षं महसूलमध्ये काढली, त्यातली चार अभिलेख कक्षात. ती चार वर्षं मला शिक्षा म्हणून मिळाली होती. आपल्याकडे ज्याच्याशी साहेबांचं पटत नाही, ज्याचे गुडघे गेलेत किंवा ज्याची निवृत्ती दीड वर्षावर आली आहे, त्याला रेकॉर्डला टाकतात. मी पहिल्या गटातला.

आधी एक विचारतो. तुमचं गाव स्वतंत्र मौजे होतं, की दुसऱ्या गावाचं मजरे, म्हणजे त्याला जोडलेली वस्ती? आणि त्या काळी तलाठी सजा, म्हणजे एका तलाठ्याकडचा गावांचा गट, कोणता होता? रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बहुतेक ठिकाणी सजाप्रमाणे बांधलेले असतात, आजच्या गावयादीप्रमाणे नाही. नवीन माणूस संगणकातली यादी हातात घेऊन १९२८च्या रुमालात शोधायला लागला तर त्याला काही सापडणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

खानदेशात हा घोळ जास्त आहे. १८६९मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशातून तिकडे गेले. १९०६मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले. तोवर सगळ्या खानदेशचं मुख्य ठाणं धुळं. त्यामुळे १९०६ आधीचं जिल्हा पातळीवरचं काही शोधायचं तर जळगावच्या माणसालाही धुळ्याकडे बघावं लागतं. १९९८मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला, १९९९मध्ये धरणगाव आणि बोदवड तालुके झाले. जुन्या कागदात तर तालुक्यांची नावंच निराळी. साक्रीचं शोधाल तर पिंपळनेर, जळगाव तालुक्याचं शोधाल तर नशिराबाद, रावेर-यावलचं शोधाल तर सावदा. मुक्ताईनगरचं ‘म’ खाली काहीच नाही, सगळं एदलाबाद. सीमा बदलली की माणसं, खुर्च्या, जीपगाड्या वाटून घेतात. दफ्तर वाटताना मात्र वरवर यादी होते, आणि कोणता रुमाल कुठे राहिला हे ज्या कारकुनाला ठाऊक असतं तो दोन वर्षांत निवृत्त होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आजोबांच्या नावाने शोधू नका. कोतवाल बुकात जन्माची नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलंच नसायचं. तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. त्या बाईंनी दोन तास शोधलं यावर माझा विश्वास आहे, पण नसलेलं नाव शोधलं. पणजोबांच्या नावाने बघा. आणि १९२८वर अडून बसू नका, आधीची-नंतरची तीन-तीन वर्षं पाहा. आपल्या आज्यांनी सांगितलेलं साल म्हणजे ‘प्लेगानंतर’, ‘मोठ्या पुराच्या साली’ यावरून मागाहून जुळवलेलं असतं.

तापीकाठ | रात्री ११.२५

दफ्तरदार काका, बापाचं नाव हे डोक्यातच आलं नव्हतं. मजऱ्याचं वडिलांना विचारतो, ते झोपलेत.

माहितीअर्ज | मंगळवार, सकाळी ८.०५

सगळ्यांना विनंती, हात जोडून चकरा मारणं बंद करा. माहिती अधिकार २००५, कलम ४(१)(क): प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रमणिका लावून ठेवायचे आहेत. हे बंधन अर्ज आल्यावर सुरू होत नाही, कायदा आला तेव्हापासून आहे. म्हणजे २००५पासून.

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि अर्जात नक्कल मागू नका, अवलोकन मागा. अमुक तालुक्यातील अमुक सजांचे १९२५ ते १९३१ जन्म-मृत्यू रजिस्टर, गाव नमुना १४ (तेच कोतवाल बुक), पाहू द्या. नक्कल मागितली की त्यांना शोधावं लागतं, अवलोकन मागितलं की तुम्ही शोधता. आणि ‘सापडत नाही’ हे उत्तर चालत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितलंय की एके काळी असलेली माहिती नुसती सापडत नाही म्हणून हात झटकता येत नाहीत, कसून शोध घ्या, न मिळाल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवा. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहेच. बेकायदा नष्ट केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. एकदा गुन्हा दाखल झाला की रुमाल आपोआप चालत येतात.

दफ्तरदार | सकाळी ९.३०

माहितीअर्ज, तुमची कलमं बरोबर आहेत. अवलोकनाचा सल्ला तर सोन्यासारखा. पण शेवटच्या वाक्यावर बोलतो.

गुन्ह्याच्या भीतीने काय झालंय ते आतून पाहिलेला माणूस मी. कागदाचे वर्ग असतात: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्ष. रुमालाच्या कापडाचा रंगही ठरलेला: अ लाल, ब हिरवा, क पिवळा, ड पांढरा. टेबलावर सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. १९८०च्या दशकात नगरला जिल्हाधिकारी लखिना साहेबांनी ही घडी बसवून दाखवली, ‘लखिना पॅटर्न’ म्हणून देशभर नाव झालं. आम्हाला प्रशिक्षणात हे पाठ करून घेतलं होतं. कागदावर याच्यात खोट काढायला जागा नाही.

प्रत्यक्षात पाचवा गठ्ठा फुगतो आणि सहावा कधी जळत नाही. नष्ट करण्याच्या यादीवर सही कोण करणार? उद्या कोणी त्यातलाच कागद मागितला तर? मग १९८४च्या रजेचे अर्ज, मिटिंगच्या चहाची बिलं, पल्स पोलिओची पत्रकं, सगळं आत. खोली तीच, मांडण्या त्याच. मी गेलो तेव्हा दारापासून तिसऱ्या मांडणीपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती आणि लाल रुमाल सगळ्यात मागे, भिंतीला लागून, जिथे पावसाळ्यात ओल येते. अ वर्ग ड वर्गाखाली पुरला गेलेला. तुमच्या पाच वर्षांच्या कैदेने त्यात आणखी एक थर चढला, एवढंच.

आणि पद? अभिलेखपालाचं पद मंजूर असतं. माणूस निवडणूक शाखेत असतो.

माहितीअर्ज | सकाळी ९.४८

म्हणजे नागरिकाने काय करायचं, सहानुभूती दाखवायची?

दफ्तरदार | सकाळी ९.५२

नाही. अर्ज करायचा. पण सोबत टॉर्च आणि तोंडाला बांधायला रुमालही न्यायचा.

केळीवाला_यावल | सकाळी १०.१५

मंत्रालयातल्या आगीची कोणी आठवण काढली नाही अजून? २१ जून २०१२. आमच्याकडे एका फाइलबद्दल दहा वर्षं ऐकलं, ‘ती मंत्रालयात गेली होती, आगीत गेली’. मग ती इथल्याच एका कपाटावर निघाली. आग मुंबईला लागते, धूर आपल्या तालुक्यापर्यंत येतो.

माझी गोष्ट वेगळी. आजीचं नाव हस्तलिखित सातबाऱ्यावर इतर वारसांबरोबर होतं. सातबारा संगणकात चढवताना ते नाव चढलंच नाही. चावडी वाचन झालं, म्हणजे गावात सातबारे वाचून दाखवले, एडिट झालं, री-एडिट झालं, तिन्ही वेळी आम्ही केळीच्या घडात. आता त्या सातबाऱ्यावर २०१८पासून डिजिटल सही येते. पंधरा रुपयांत घरबसल्या चुकीचा उतारा मिळतो, सहीसकट. दुरुस्तीला कलम १५५चा अर्ज, आणि त्याला जोडायला काय लागतं? जुना हस्तलिखित उतारा. तो कुठे? रेकॉर्डला.

पांझराकाठ | सकाळी ११.४०

धुळ्याहून लिहितेय. जुनी मोडी लिपी वाचते. पुराभिलेख संचालनालयाची परीक्षा दिली, तेव्हापासून नातेवाईक सोडून सगळे ओळखतात.

१९२८चं खानदेशातलं कोतवाल बुक म्हणजे मोडी असण्याचीच शक्यता जास्त. तापीकाठ भाऊ, त्या ताईंना मोडी येत होती का? हे टोमणा म्हणून विचारत नाही. आज तालुक्याला मोडी येणारा माणूस सापडला तर त्याचा सत्कार करायला हवा. बाराखडी न येणाऱ्या माणसाला सगळी पानं सारखीच दिसतात, मग तो शाईचे डाग मोजतो आणि ‘नाही’ म्हणतो.

धुळ्याला याचं वाईट जास्त वाटतं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला इथेच गेले. त्यांनी जमवलेल्या कागदांभोवती राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. पलीकडे शंकरराव देवांचं जुन्या पोथ्यांचं समर्थ वाग्देवता मंदिर. चारशे वर्षांपूर्वीची पोथी या शहरात फडक्यात, डांबरगोळ्यांत, यादीसकट मिळते. नव्वद वर्षांपूर्वीची सरकारी नोंद मात्र मिळत नाही. पोथीवाल्यांना पोथी हवी होती, हा एकच फरक.

आणि कागदाबद्दल. आपल्याकडे कोरड्या उन्हाने पान पापडासारखं होतं. घडी उघडताना तुटतं. पानाखाली पुठ्ठा घालून उलटा, बोट ओलं करून नको. सेलोटेप दिसला तरी हात लावू नका, ज्याने लावला त्याने मागच्या पिढीतली अर्धी अक्षरं नेली आहेत.

अमळनेरचे_गुरुजी | दुपारी १.२०

मी निवृत्त होऊन अकरा महिने. पेन्शन तात्पुरती. कारण सेवापुस्तकात १९९४ सालच्या एका वेतनवाढीची नोंद आहे, सही नाही. वेतन पडताळणी पथकाने आक्षेप काढला. सही करणारे साहेब २००९ला वारले.

तीस वर्षं मुलांच्या रजिस्टरला लाल शाईने रेघा मारल्या, स्वतःचं पुस्तक उघडून पाहिलं नाही. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी आज जाऊन आपलं सेवापुस्तक पानन् पान बघा आणि दुय्यम प्रत मागून घ्या. अर्थात मागितलीत की विचारतील, ‘का, भांडण आहे का?’

आक्रावाला | दुपारी ३.०५

मूळचा शहाद्याचा, सहा वर्षं घानात आहे, पाण्याच्या प्रकल्पांवर. गुरुजींचं वाचून राहवलं नाही.

इथे तुमच्या उलट. इथली जुनी डोकेदुखी म्हणजे पगारपत्रकावरची भुतं: जो माणूस नोकरीत नाही, कधी कधी जगातच नाही, त्याच्या नावे दर महिन्याला पगार निघतो. पगार संगणकावर आणून भागलं नाही, कारण यादीतलं नाव खऱ्या माणसाचं आहे हे सिद्ध करणारी नेमणुकीची फाइलच जागेवर नव्हती. लंडनच्या अ‍ॅन थर्स्टन बाईंनी १९८९मध्ये आंतरराष्ट्रीय अभिलेख व्यवस्थापन न्यास काढला, त्यांचं आफ्रिकेत बरंच काम आहे. सांगणं साधंच होतं की आधी कागदाचं कपाट लावा, मग यंत्र आणा. घानाने १९९७मध्ये अभिलेखांचा स्वतंत्र कायदा केला.

म्हणजे तिकडे कागद नाही म्हणून जिवंत गुरुजींना पेन्शन नाही, इकडे कागद नाही म्हणून मेलेल्याला पगार. तिजोरी दोन्हीकडे आपलीच.

केळीवाला_यावल | दुपारी ३.१२

गुरुजींना घानाला पाठवा.

मोलगी_रस्ता | सायंकाळी ६.३०

तुमचा सगळ्यांचा कागद हरवलाय. आमच्या डोंगरात तो नव्हताच.

अक्कलकुवा-धडगावकडे वनहक्काच्या दाव्यांवर काम करतो. २००६च्या कायद्यात अट अशी की १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जमीन कसत होतो हे दाखवायचं. माणूस तीन पिढ्या तिथेच, पण सातबारा नाही, घरपट्टी नाही, आणि जन्माची नोंद असली तर ती कोणाच्या तरी आठवणीत. मग नियम १३ कामी आला. शेताचा बांध, विहीर, मसणवट, गावातल्या म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळं पुरावा म्हणून धरता येतं. म्हाताऱ्याचं बोलणं आणि शेतातला बांध सरकारी कागदाच्या पंगतीला बसलेला मी तिथेच पाहिला.

आणि एक गंमत. ‘अतिक्रमण’ केलं म्हणून पूर्वी जो दंड व्हायचा त्याच्या पावत्या! ज्याने पावती घेऊन दंड भरला आणि ती मक्याच्या कणग्यात, छपराच्या बांबूत जपली, त्याचा दावा भक्कम झाला. ज्याने कोंबडी देऊन मिटवलं त्याच्याकडे दाखवायला काही नाही. एका आजीने नळीसारखी गुंडाळलेली पावती काढून दिली होती, धुराने काळी झालेली. वाचता येत नव्हतं तिला, पण शिक्का आहे म्हणून ठेवली.

नवाशिंदखेडकर | सायंकाळी ७.००

मना बाप म्हने, कागद शे तं समदं शे. त्यान्हा पेटीमा वीजबिल बी पंचवीस सालनं शे. आम्ही हासूत. आते तेच वीजबिल घरना हिस्सामा कामे उनं.

माहितीअर्ज | सायंकाळी ७.४५

मोलगी_रस्ता यांना नमस्कार.

तापीकाठ, एक राहिलं. २०२३मध्ये शिंदे समिती नेमली तेव्हापासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर जुने रुमाल उघडले गेले, पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. तुमची जात वेगळी असली तरी त्यात बघा. कुणबी नोंदीचं पान टाकलंय म्हणजे त्याच पानावर वर-खाली इतरांच्याही नोंदी असतात.

दफ्तरदार | रात्री ८.३०

हे खरं. पण त्या शोधातली एक हळहळ सांगतो. एवढ्या वर्षांनी सगळे रुमाल सुटले, माणसं मिळाली, मोडीवाले मिळाले, स्कॅनर मिळाले. आणि पानं पाहिली एकाच शब्दासाठी. त्याच वेळी प्रत्येक रुमालात काय आहे एवढी ओळ लिहून घेतली असती तर पुढच्या पन्नास वर्षांचं काम झालं असतं. परत बांधताना तरी लिहायचं!

तापीकाठ | अकरा दिवसांनी, रात्री १०.२०

सापडलं!

वडील म्हणाले, आमचं गाव मजरेच होतं, मूळ गाव दीड कोसावर. अवलोकनाचा अर्ज दिला, नऊ दिवसांत बोलावणं आलं. त्याच बाई होत्या. त्यांना मूळ गावाचं नाव सांगितलं, बापाच्या नावाचं सांगितलं, तर म्हणाल्या, ‘हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही हो.’ मग दोघं मिळून बसलो. पांझराकाठ ताईंनी मोडीतलं पणजोबांचं नाव पाठवलं होतं, ते चित्रासारखं समोर ठेवून जुळवत गेलो. तासाभराने बाईंनाच आधी दिसलं. माझ्या आधी!

जन्म १९२८चा नाही, १९२६चा. बापाच्या नावात ‘तुकाराम’ऐवजी ‘तुक्या’. जात स्पष्ट. पुढे ‘मुलगा’. आजोबा आयुष्यभर स्वतःला दोन वर्षांनी लहान समजत गेले.

आता प्रश्न दोन. ‘तुक्या’ आणि ‘तुकाराम’ एकच हे जात पडताळणी समितीला कसं पटवायचं? आणि दफ्तरदार काका, हे पुस्तक ज्या रुमालात होतं त्याचं कापड पांढरं होतं.

दफ्तरदार | रात्री १०.४१

पांढरं? नक्की? धुळीने उडालेलं लाल नव्हे?

तापीकाठ | रात्री १०.४४

नक्की. वर ‘ड – नष्ट करणे’ लिहिलेलं. सोबत १९७१च्या टपालाच्या पावत्या.

दफ्तरदार | रात्री ११.१५

म्हणजे सहावा गठ्ठा वेळेवर जाळला असता तर तुमचे आजोबा त्यात गेले असते. मी वर जे काही लिहिलंय ते तसंच ठेवतो, पण आज रात्री त्यावर वाद घालत नाही.

‘तुक्या’चं घाबरू नका. त्या काळच्या बुकात गरिबांची नावं अशीच लिहायचे, समितीने अशी शेकडो पाहिली असतील. त्याच पणजोबांची दुसरी नोंद शोधा, आजोबांच्या भावंडांपैकी कोणाचा जन्म किंवा मृत्यू. दोन ठिकाणी तोच बाप, तीच जात, तेच मजरे आलं आणि वंशावळीशी जुळलं की काम होतं. लिप्यंतर जाणकाराकडूनच घ्या. समितीचं दक्षता पथक मूळ पुस्तक बघायला येईल, तेव्हा ते परत सापडलं पाहिजे. रुमालावर चिठ्ठी लावून आलात का?

तापीकाठ | रात्री ११.२०

बाईंनीच लावली. लाल कापड शिल्लक नव्हतं, म्हणून पुस्तक वेगळं काढून त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवलंय. चिठ्ठीवर मूळ गाव, मजरे, सजा, सालं, सगळं लिहिलं. पेन माझा होता, तो तिथेच राहिला.

केळीवाला_यावल | रात्री ११.२२

भो, त्या बाईंची बदली कधी आहे ते विचारून ठेव.